बगलेचा नियम: प्राचीन रणांगण आणि टेबलावरचे युद्ध

प्राचीन लढायांची वर्णने वाचताना एक वाक्य थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटते. अमुक सेनेच्या बगलेवर हल्ला झाला आणि ती सेना मोडली. ग्रीक इतिहासकार असो वा रोमन, या वाक्याशी आला की तो फारसा रेंगाळत नाही. वाचकही रेंगाळत नाही, कारण बगलेवर हल्ला झाला म्हणजे सेना मोडणारच, हे आपण गृहीत धरलेले असते. परंतु त्या 'आणि' या उभयान्वयी अव्ययात नेमके काय घडले? माणसे अधिक संख्येने मारली गेली? त्यांना वळता आले नाही? की मारले जाण्यापूर्वीच त्यांचा धीर सुटला?

या प्रश्नाचे उत्तर दिल्यावाचून ज्यांना एक पाऊलही पुढे टाकता येत नाही असा एक वाचकवर्ग आहे. शिशाचे किंवा प्लॅस्टिकचे छोटे सैनिक टेबलावर मांडून, फासे टाकून आणि मोजपट्टी लावून प्राचीन लढाया खेळणाऱ्यांचा हा वर्ग. त्यांना नियम लिहावा लागतो आणि नियमात 'आणि' चालत नाही. बगल कोठे सुरू होते, तिच्यावर आलेल्या शत्रूला किती गुणांचा लाभ द्यायचा, हल्ला झालेल्या पथकाला वळता येते की नाही, हे सारे आकड्यांत सांगावे लागते. बगलेचा असा प्रत्येक नियम म्हणजे प्राचीन संहितेचे एक वाचन असते, असे आम्हांस वाटते. त्या वाचनांत काय सापडते आणि काय निसटते, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रथम या खेळाचा थोडक्यात परिचय. युद्धाचा खेळ शिक्षणासाठी वापरण्याची पद्धत प्रशियात रुजली. गेओर्ग हाइनरिख फॉन राइसवित्झ या लष्करी अधिकाऱ्याने १८२४ मध्ये आपल्या 'क्रीगश्पील'चे नियम प्रसिद्ध केले. मूळ कल्पना त्याच्या वडिलांची होती. छंद म्हणून खेळायच्या छोट्या युद्धांना वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली ती एच. जी. वेल्स यांनी, १९१३ मधील 'लिटल वॉर्स' या पुस्तकाने. प्राचीन काळाच्या लढायांना स्वतंत्र शाखेचे रूप आले ते मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्लंडात. डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या १९६२ च्या 'वॉर गेम्स' या पुस्तकात टोनी बाथ यांचे प्राचीन युद्धांचे नियम छापले गेले. १९६५ मध्ये 'सोसायटी ऑफ एन्शंट्स' ही संस्था स्थापन झाली आणि तिचे 'स्लिंगशॉट' हे नियतकालिक निघू लागले. १९६९ मध्ये फिल बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 'वॉरगेम्स रिसर्च ग्रुप'ने आपली पहिली प्राचीन नियमावली काढली. या गटाच्या नावातील 'संशोधन' हा शब्द केवळ शोभेचा नव्हता. पॉलिबियस, लिव्ही, सीझर, ॲरियन यांच्या ग्रंथांतील परिच्छेद पुढे ठेवून नियमांचा कीस पाडण्याची परंपरा या मंडळींनी जोपासली. विद्यापीठाबाहेर चाललेले हे एक प्रकारचे टीकालेखनच होते.

आता थोडे शब्दांविषयी. सेनेला बगल असते ही कल्पना मुळात रूपकात्मक आहे. 'बगल' हा आपण फारसीतून घेतलेला शब्द काखेचा वाचक आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील दहाव्या अधिकरणात व्यूहाच्या अंगांची चर्चा आहे. तेथे उशनसाच्या मतानुसार दोन पक्ष, उरस्य आणि प्रतिग्रह अशी विभागणी येते, तर बृहस्पतीच्या मतात त्यांत दोन कक्षांची भर पडते. पक्ष म्हणजे पंख, उरस्य म्हणजे छातीचा भाग. आणि कक्ष या शब्दाचाही एक अर्थ काखच. लॅटिनमध्ये सेनेच्या टोकाला 'कोर्नू', म्हणजे शिंग म्हणतात, आणि बाजूला 'लातुस', म्हणजे शरीराची कूस. एकमेकांपासून इतक्या दूरच्या भाषांनी सेनेला देह मानावे, आणि त्या देहाची नाजूक जागा दाखवण्यासाठी कूस किंवा काख निवडावी, ही लक्षणीय गोष्ट आहे. देहाला तोंड असते, ते एकाच दिशेला असते, आणि हात उचलला की काख उघडी पडते. बगलेच्या नियमाचे बीज या रूपकात आहे.

हे रूपक हवेतले नव्हते. इ.स.पू. ४१८ मधील मँटिनियाच्या लढाईचे वर्णन करताना थ्युसिडिडीज एक मार्मिक निरीक्षण नोंदवतो. सगळ्याच सेना चालून जाताना उजवीकडे सरकत जातात, कारण प्रत्येक सैनिक आपली उघडी बाजू उजवीकडच्या सोबत्याच्या ढालीआड नेऊ पाहतो. ढाल डाव्या हातात, म्हणून उजवी बाजू उघडी. सीझरही आपल्या गॅलिक युद्धाच्या वृत्तान्तात 'उघडी बगल' हा शब्दप्रयोग याच अर्थाने करतो. म्हणजे बगल ही नकाशावरची रेषा होण्यापूर्वी एका माणसाच्या अंगातली भीती होती. हजारो माणसांची ती भीती एकत्र आली की सारी फळी तिरकी होई. इतिहासकाराने माणसाच्या कुशीपासून सेनेच्या कुशीपर्यंतचा हा प्रवास एका वाक्यात सांगितला आहे. नियमकाराला तो उलट्या दिशेने करायचा असतो. त्याच्या हाती सैनिक चिकटवलेली एक आयताकृती पट्टी असते, आणि त्या पट्टीच्या कडेला भीती बहाल करायची असते.

ती कशी करावी याची तीन उत्तरे आम्ही येथे घेतो. तिन्ही नियमावल्या खेळणाऱ्यांत मान्यता पावलेल्या आहेत.

पहिले उत्तर जागेचे. बार्कर यांची १९९० मधील 'डी बेलिस अँटिक्विटाटिस', म्हणजेच 'डीबीए', ही अतिशय आटोपशीर नियमावली. प्रत्येक बाजूला फक्त बारा पट्ट्या. झुंजीत दोन्ही खेळाडू एकेक फासा टाकतात, त्यात पथकाच्या प्रकाराचे गुण मिळवतात. ज्याची बेरीज कमी तो मागे सरकतो आणि बेरीज निम्मी किंवा त्याहून कमी झाली तर बहुतेक वेळा नष्ट होतो. बगलेवर शत्रू असेल तर एक गुण वजा होतो. परंतु खरी मेख पुढे आहे. समोर झुंजत असलेल्या पट्टीच्या बगलेला किंवा पिछाडीला शत्रूची पुढची कड भिडलेली असेल, तर एरवी जिथे ती नुसती मागे सरकली असती, तिथे ती नष्ट होते. हल्ला समोरून होत नसेल, तर मात्र तीच पट्टी बगलेवरच्या शत्रूकडे वळून उभी राहते. म्हणजे या नियमाच्या मते बगलेवरचा हल्ला अधिक जोराचा असतो म्हणून मारक ठरत नाही. माघारीची वाट बंद होते आणि एका तोंडाला दोन दिशा सांभाळाव्या लागतात, म्हणून तो मारक ठरतो. शत्रूच्या कडेने पुढे जाऊन मागे वळून भिडण्याच्या डावाला इंग्रज खेळाडूंच्या बोलीत 'दार लावणे' म्हणतात. या नियमावर यापेक्षा नेमके भाष्य आमच्या पाहण्यात नाही.

दुसरे उत्तर रचनेचे. १९९८ च्या 'वॉरहॅमर एन्शंट बॅटल्स'मध्ये झुंजीचा निकाल गुणांच्या बेरजेने लागतो. पडलेले सैनिक, निशाण आणि एकामागे एक उभ्या असलेल्या ओळी, या साऱ्यांचे गुण धरले जातात. मागच्या ओळींबद्दल जास्तीत जास्त तीन गुण मिळतात. बगलेवर हल्ला करणाऱ्याला एक गुण मिळतो, पिछाडीवर करणाऱ्याला दोन. हा लाभ तसा किरकोळ आहे. पण हल्ला पुरेशा संख्येच्या तुकडीने केला असेल, तर बळी पडलेल्या पथकाचे ओळींचे गुणच रद्द होतात. या वाचनानुसार सेनेचे बळ तिच्या खोलीत, पाठीशी उभ्या असलेल्या माणसांच्या आधारात असते. बगलेवर घाव बसला की ती खोली निरर्थक होते, आणि व्यूह पुन्हा गर्दी होतो.

तिसरे उत्तर मनाचे. 'डीबीए'चे मोठे भावंड असलेली 'डीबीएम' (१९९३) ज्यांनी बार्कर यांच्यासह रचली, त्या रिचर्ड बॉडली स्कॉट यांचा २००८ च्या 'फील्ड ऑफ ग्लोरी'तही प्रमुख वाटा होता. तिथे पथकाच्या एकजुटीच्या चार पायऱ्या आहेत: स्थिर, विस्कळीत, छिन्नभिन्न आणि मोडलेले. बगलेवर किंवा पिछाडीवर रीतसर हल्ला आला की पथक सामान्यतः तत्काळ एक पायरी खाली घसरते. फासा पडण्यापूर्वी, एकही माणूस पडण्यापूर्वी! एकाच अभ्यासकाच्या नावावर पंधरा वर्षांच्या अंतराने अशी दोन वेगळी वाचने असावीत, हे साहित्याच्या वाचकाला नवल वाटण्याजोगे नाही.

यांतले कोणते वाचन संहितेच्या जवळचे? इ.स.पू. २१६ मधील कॅनीची लढाई यासाठी घेऊ. पॉलिबियसच्या तिसऱ्या ग्रंथात तिचे वर्णन आहे. रोमनांचे पायदळ सुमारे ८०,०००, हॅनिबलचे ४०,००० च्या आसपास. घोडदळात मात्र हॅनिबल वरचढ, रोमनांच्या ६,००० हून थोड्या अधिक स्वारांपुढे त्याचे १०,०००. हॅनिबलने मध्यभाग पुढे फुगवला. रोमन पायदळ तो दाबत आत घुसले आणि दोन्ही बाजूंना उभे असलेले आफ्रिकी पायदळ आत वळून त्याच्या दोन्ही बगलांवर तुटून पडले. मग हास्द्रुबलचे घोडदळ पिछाडीवर आले. येथे पॉलिबियस एक बारीक तपशील देतो, जो घाईच्या वाचनात निसटतो. रोमन सैनिक बगलेवरच्या शत्रूकडे वळले. परंतु ते एकसंध फळी म्हणून वळले नाहीत. एकेकटे किंवा आपापल्या छोट्या तुकड्यांनिशी वळले. म्हणजे वळता आले नाही हे खरे नाही. वळताना ती सेना राहिली नाही, हे खरे. हा तपशील दुसऱ्या उत्तराला बळ देतो. तर चहूबाजूंनी कोंडलेल्या त्या सेनेचा पुढचा संहार पहिल्या उत्तराची आठवण करून देतो. पॉलिबियस मृतांचा आकडा सुमारे ७०,००० देतो, तर लिव्ही ४५,५०० पायदळ आणि २,७०० स्वार असा. दोन ग्रंथकारांत वीस हजारांहून अधिक माणसांचा फरक आहे. बगलेच्या परिणामाचे मोजमाप करू पाहणाऱ्या नियमकाराची जमीन किती भुसभुशीत आहे, याची यावरून कल्पना यावी.

मनाचे उत्तर समजून घ्यायला दुसरी लढाई हवी. इ.स.पू. ४२४ मध्ये डेलियम येथे अथेन्सकरांची उजवी बाजू विजयी होत होती. बिओशियन सेनापती पॅगोंडसने घोडदळाची दोन पथके टेकडीआडून, कुणाला दिसणार नाहीत अशी पाठवली. थ्युसिडिडीज सांगतो की ती एकाएकी दिसताच, आणखी एक सेना चालून येत आहे असे वाटून विजयी अथेन्सकरांची गाळण उडाली. या बगलेवरच्या हल्ल्यात निर्णायक ठरला तो गैरसमज. आता हीच लढाई टेबलावर मांडा. खेळाडू उभा आहे, वरून पाहतो आहे. टेकडीआडची दोन पथके त्याला लढाईच्या आरंभापासून दिसत आहेत. दोन पथकांना तो सेना समजूच शकत नाही. डेलियमचा पराभव ज्या अज्ञानातून झाला, ते अज्ञान या खेळात शिरायलाच जागा नाही.

साहित्याच्या परिभाषेत सांगायचे, तर हा दृष्टिकोनाचा प्रश्न आहे. टेबलापाशी उभा असलेला खेळाडू सर्वज्ञ निवेदकाच्या जागी असतो. टेबलावरचे सैनिक मर्यादित दृष्टीची पात्रे. नियमावलीला सर्वज्ञ निवेदकाकडून अज्ञ पात्राचे वर्तन करवून घ्यायचे असते. 'फील्ड ऑफ ग्लोरी'तली ती घसरलेली पायरी, 'डीबीए'तला तो वजा झालेला गुण, हे आमच्या मते या अशक्य कामाचे मोल आहे. जे खेळाडूला माहीत नाही असे करता येत नाही, त्याचा दंड त्याच्या सैनिकांना भरावा लागतो. जुन्या प्रशियन खेळात हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला होता. तिथे दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच असे, आणि खेळाडूला त्याच्या सैनिकांना दिसेल तेवढेच सांगितले जाई. बगलेवरचा शत्रू तिथे खरोखरच अचानक येऊ शकत होता. दोघा मित्रांनी एका संध्याकाळी खेळायच्या खेळात तिसऱ्याला पंच म्हणून बसवणे नेहमी जमत नाही. तेव्हा पंच गेला आणि त्याच्या जागी आकडा आला.

सर्वज्ञतेची दुसरीही एक बाजू आहे. इ.स.पू. १९७ मध्ये किनोस्केफाले येथे मॅसिडोनियन फॅलँक्सची उजवी बाजू रोमनांना रेटत उतारावरून खाली येत होती. दुसऱ्या टोकाला मात्र रोमन जिंकत होते. तिथल्या एका अधिकाऱ्याने वीसहून अधिक नसलेल्या तुकड्या घेतल्या, तो ऐनवेळी स्वतःच्या विचाराने वळला आणि फॅलँक्सच्या पिछाडीवर जाऊन पडला. लांब भाले धरून दाटीने उभ्या राहिलेल्या त्या माणसांना मागे वळणे अशक्य होते. लढाई तिथेच निकालात निघाली. पॉलिबियस त्या अधिकाऱ्याचे नाव देत नाही. टेबलावर असा अनामिक अधिकारी संभवत नाही, कारण तिथे प्रत्येक निर्णय खेळाडूचा, म्हणजे सेनापतीचाच असतो. ज्या लढाईने रोमन रचनेची श्रेष्ठता सिद्ध झाली असे पॉलिबियस पुढे विस्ताराने मांडतो, तिच्या मर्मस्थानी असलेला माणूस इतिहासात निनावी आहे आणि खेळात तर नाहीच. 'डीबीए'त खेळाडूला दर पाळीत फाशावर पडेल तेवढ्याच हालचाली करता येतात. सेनापतीचा हुकूम सर्वत्र पोचत नसे, हे त्यातून सूचित होते. हुकुमावाचूनही कुणी वळू शकतो, हे मात्र सूचित होत नाही.

आता आमच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. बगलेवर हल्ला झाला म्हणजे सेना मोडलीच, हे वाक्य खरे आहे काय? इ.स.पू. ५८ मध्ये बिब्राक्टजवळ सीझरची सेना हेल्व्हेटी लोकांना टेकडीकडे रेटत असताना बोई आणि तुलिंगी यांचे सुमारे १५,००० लोक तिच्या उघड्या बगलेवर चालून आले. नियमाप्रमाणे आता अनर्थ व्हायला हवा. पण रोमनांच्या पहिल्या दोन ओळी हेल्व्हेटींशी लढत राहिल्या, तिसरी ओळ नव्या शत्रूकडे वळली, आणि लढाई दोन दिशांनी संध्याकाळपर्यंत चालली. शेवटी रोमन जिंकले. सीझर स्वतःच वृत्तान्तकार आहे हे ध्यानात ठेवूनही, एवढे मान्य करावे लागते की पाठीशी मोकळी ओळ असलेली, कवायत पक्की असलेली आणि येणारा शत्रू वेळेत दिसलेली सेना बगलेवरच्या हल्ल्याने मोडत नाही. कॅनीला जे मोडले ते याच तिन्हींच्या अभावी. बगल हे कारण कमी आणि प्रसंग अधिक आहे.

कॅनी सर्वांना आठवते, बिब्राक्ट थोड्यांना. कारण उघड आहे. कॅनीचे कथन रेखीव आहे, त्याला आकृती आहे, ती फळ्यावर काढता येते. आणि आकृतीतून नियम काढण्याचा मोह टेबलापुरता राहिला नाही. जर्मन सेनेचे माजी प्रमुख आल्फ्रेड फॉन श्लीफेन यांनी आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत कॅनीवर लेखमाला लिहिली. फ्रेडरिकपासून सेडानपर्यंतच्या लढायांतून शत्रूला बगल मारून वेढण्याचे तेच सूत्र शोधले. श्लीफेन जानेवारी १९१३ मध्ये वारले. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सेनेची उजवी बाजू बेल्जियममधून फ्रेंचांच्या बगलेकडे निघाली आणि सप्टेंबरात मार्नच्या काठी थबकली. त्या मोहिमेत श्लीफेनच्या आराखड्याचा वाटा किती, यावर इतिहासकारांत वाद आहे. परंतु एका प्राचीन परिच्छेदाला नियम मानून वाचल्याचा मोह केवढा असू शकतो, हे दिसायला तो वाद मिटण्याची गरज नाही. कॅनी जिंकूनही हॅनिबल अखेर युद्ध हरला, हे तर पॉलिबियसच्या त्याच ग्रंथात पुढे लिहिलेले आहे. आणि श्लीफेन वारले त्याच वर्षी वेल्स यांनी आपल्या छोट्या पुस्तकाच्या शेवटी बजावले होते की हा खेळ खेळून पाहिला की खरे महायुद्ध किती ढिसाळ गोष्ट असेल ते उमजते.

लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील प्राध्यापक फिलिप सेबिन यांनी २००७ च्या 'लॉस्ट बॅटल्स' या ग्रंथात या पेचातून एक वाट दाखवली. त्यांनी रणांगणाचे मोजकेच मोठे चौकोन पाडले, मिलिमीटरचे वाद निकालात काढले, आणि एकच नियमावली अनेक प्राचीन लढायांना लावून पाहिली. नियम एका लढाईला जुळतो पण दुसरीला जुळत नाही, तिथे शंका घ्यायची: नियमाविषयी, आणि संहितेविषयीसुद्धा. खेळ येथे पाठचिकित्सेचे साधन होतो.

आमच्या मते वर्गात याचा उपयोग होण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांपुढे कॅनीचा परिच्छेद ठेवावा, शेजारी बिब्राक्टचा, आणि दोन्ही लढायांना पुरेल असा बगलेचा एकच नियम त्यांना पाच ओळींत लिहायला सांगावा. पहिल्या ओळीतच त्यांना ठरवावे लागेल की माणसे घावाने पडली, जागेच्या अभावी पडली की भीतीने. ते ठरवताना त्यांना मूळ परिच्छेदाकडे पुन्हा पुन्हा जावे लागेल, आणि 'एकेकटे किंवा आपापल्या तुकड्यांनिशी वळले' यासारखा तपशील, जो एरवी डोळ्यांखालून निघून जातो, त्यांना अडवील.